रिकामी जागा, ब्रासच्या भावाने

पॉलिहाउसचे बेड भरायला निघालेल्या नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका तुम्ही हातात घेतली आहे, त्याअर्थी पॉलिहाउसचा सांगाडा उभा राहिला आहे, त्यावर २०० मायक्रॉनचा कागद ताणून बसवला आहे आणि त्याचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरून आले आहेत. अनुदानाची फाईल योग्य त्या टेबलावर विश्रांती घेते आहे. ढोबळी मिरची लाल लावायची की पिवळी, यावरून घरात दोन तट पडले आहेत. मातीचा विषय अजून कुणी काढलेला नाही. दहा गुंठे जमीन आहे म्हटल्यावर माती असणारच, असा तुमचा हिशेब आहे. तो चुकीचा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच.

आहे ती माती

तुमच्या आजोबांनी ज्या काळ्याभोर जमिनीसाठी भावकीत उभा जन्म कोर्टकचेरी केली, ती जमीन पॉलिहाउसच्या बेडासाठी कुचकामी आहे. हे आजोबांच्या फोटोसमोर मोठ्याने बोलू नका, पण मनाशी पक्कं करा.

दख्खनच्या पोटात साधारण ६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा दगड आहे. तो झिजून जी काळी माती झाली, तिच्यातल्या चिकणमातीचा कण पाणी पिऊन फुगतो आणि वाळला की आक्रसतो. उन्हाळ्यात तिला पाऊल अडकेल अशा भेगा पडतात त्या यामुळेच. उघड्या रानात हा तिचा गुण आहे. परतीच्या पावसाचं पाणी पोटात धरून ती हिवाळाभर रब्बीची ज्वारी पोसते, वरून थेंब पडला नाही तरी. पॉलिहाउसमध्ये मात्र ठिबक रोज चालतं. कित्येकदा दिवसातून दोनदा चालतं. जिला महिनाभर पाणी धरून ठेवायची सवय आहे, तिला रोज पाणी पाजलं तर ती ते रोज धरून ठेवते. मग ढोबळीच्या मुळांना श्वास घ्यायला जागा राहत नाही, मुळं कुजतात, आणि दुकानदार तुम्हाला मूळकुजीचं औषध देतो.

इथे नवशिक्याला एक गोष्ट समजावून घ्यावी लागेल. ती समजली तर उरलेली मार्गदर्शिका वाचली नाही तरी चालेल. चांगल्या मातीचा घनफूटभर तुकडा घेतला तर त्यात कणांनी व्यापलेली जागा निम्मीच असते. उरलेली निम्मी रिकामी असते. त्या रिकाम्या जागेतल्या मोठ्या पोकळ्यांतून पाणी खाली निघून जातं आणि त्याच्या मागोमाग हवा आत येते. बारीक पोकळ्यांत पाणी अडकून राहतं आणि मुळं ते सवडीने पितात. पिकाला दोन्ही लागतात. गंमत अशी, की काळ्या मातीत रिकामी जागा कमी असते असं नाही, उलट थोडी जास्तच असते. पण ती जवळजवळ सगळी बारीक. मोठी पोकळी तिथे टिकत नाही, कारण कण फुगला की आधी तीच बुजते.

तेव्हा पुढचे दोन-अडीच महिने तुम्ही जे काही कराल, म्हणजे डंपर बोलवाल, शेण चिवडाल, गिरणीवाल्याच्या पाया पडाल, ते सगळं मोठ्या पोकळ्या विकत आणण्यासाठी असेल. पावतीवर ‘लाल माती’ असं लिहिलेलं असेल. पैसे तुम्ही रिकाम्या जागेचेच मोजत असाल. पुण्याच्या आसपास राहणाऱ्यांना या व्यवहाराची सवय आहे.

लाल माती आणि लाल रंगाची माती

बाजारात लाल माती तीन प्रकारची मिळते: लाल माती, लाल मुरूम आणि लाल रंगाचं काहीही. तिसरा प्रकार सर्वांत लवकर पोहोचतो.

डंपर दारात आला की ड्रायव्हरशी साधारण असा संवाद होतो. “माती चांगली आहे ना, दादा?” “साहेब, एक नंबर.” “कुठली आहे?” “लांबची.” हे उत्तर नवशिक्याला पुरेसं वाटतं, कारण लांबची वस्तू चांगली असते अशी आपल्याकडे जुनी श्रद्धा आहे. तुम्ही मात्र पुढचा प्रश्न विचारा: तिथे आधी काय पीक होतं? टोमॅटो, वांगी, भेंडी किंवा डाळिंब असं उत्तर आलं तर डंपर तसाच परत पाठवा. या पिकांच्या मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी मातीबरोबर येते आणि येताना भाडं देत नाही. पॉलिहाउसमध्ये तिला वर्षभर ऊब, ओलावा आणि ढोबळीची किंवा काकडीची कोवळी मुळं मिळतात. दोन-तीन हंगामांत ती इतकी वाढते की अनेकांनी तेवढ्यापायी पॉलिहाउस बंद केलं आहे. शक्य असेल तर माती जिथून उचलली जाते तिथे स्वतः जा, चार तण उपटा आणि मुळं बघा. मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर चहा न घेता निघा.

मातीची पुढची परीक्षा काचेच्या बाटलीत होते. बाटलीत तिसरा हिस्सा माती आणि बाकी पाणी भरा, जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाला बसते, गाळ काही तासांत बसतो आणि चिकणमाती दिवसभर पाणी गढूळ ठेवून मग सवडीने बसते. तळाचा थर जाड आणि वरचा पातळ असेल तर माती कामाची. दुसऱ्या दिवशीही पाणी चहाच्या रंगाचं दिसत असेल तर ती लाल रंगाची चिकणमाती आहे. आजोबांची काळी जमीन सोडून तिच्यासाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही. मग चमचाभर कोरड्या मातीवर लिंबू पिळा. फसफसली तर तिच्यात चुनखडी आहे, आणि चुनखडीच्या मातीत लोह असूनही झाडाला ते मिळत नाही. पानं पिवळी पडतात आणि तुम्ही लोहाच्या बाटल्या आणत राहता.

प्रयोगशाळेतली तपासणीही करून घ्या. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात ती होते. नमुना घेण्याची रीत सोपी आहे, म्हणून कुणी ती पाळत नाही. ढिगाच्या पाच-सहा ठिकाणांहून, वरचा थर बाजूला सारून माती घ्यायची, गोणपाटावर पसरायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले पुन्हा एकत्र करायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. प्रत्यक्षात नमुना ढिगाच्या त्या कोपऱ्यातून घेतला जातो जिथे सावली असते. अहवालात दोन आकडे आधी बघा. सामू ५.५ ते ६.५ च्या दरम्यान हवा आणि विद्राव्य क्षार, म्हणजे ईसी, १ च्या खाली. घाटमाथ्याकडची लाल माती आम्लधर्मी असते, सामू ५ च्या आसपासही भरतो. मग चुना घालावा लागतो. किती घालायचा ते तपासनीसाला विचारा. मेहुण्याला विचारू नका.

माती, मुरूम ही सरकारच्या लेखी गौण खनिजं आहेत. त्यांच्या वाहतुकीला परवाना आणि रॉयल्टीची पावती लागते. डंपरवाला “ते सगळं आपल्याकडे लागलं” म्हणेल. ती पावती डोळ्यांनी बघा, कारण रात्री रस्त्यात महसूलचं पथक भेटलं तर माती कुणाच्या शेताकडे चालली होती, एवढंच त्याला ऐकायचं असतं.

शेणखत: चौकशी आणि उलटतपासणी

शेणखत ‘पूर्ण कुजलेलं’ असावं, असं प्रत्येक पुस्तकात लिहिलेलं असतं, आणि विकणाऱ्यानेही ते पुस्तक वाचलेलं असतं. त्यामुळे न कुजलेलं शेणखत आजवर कुणीही विकलेलं नाही.

ढिगात कोपरापर्यंत हात घाला. आत ऊब लागली तर कुजण्याचं काम चालू आहे आणि ते काम पुढे तुमच्या बेडात, तुमच्या रोपांच्या मुळाशी चालू राहील. कच्चं शेण कुजताना उष्णता सोडतं, अमोनिया सोडतं आणि कुजवणारे जीवाणू मातीतला नत्र आधी स्वतः खातात. हात घालायची तयारी नसेल तर मूठभर ओलं खत प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन-तीन दिवस ठेवा. उघडल्यावर पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास आला तर उत्तम. नाकात झिणझिण्या आल्या तर परत करा. खत चिवडताना पांढऱ्या, जाड, वाकून झोपलेल्या अळ्या दिसल्या तर त्या हुमणीच्या असू शकतात. ‘गांडूळ आहेत, साहेब, चांगलं असतं’ असं विकणारा म्हणेल. गांडुळाला पाय नसतात, हुमणीला सहा असतात. मोजायला फार वेळ लागत नाही.

कोंबडखत स्वस्त पडतं म्हणून त्याचा मोह होतो. त्यात नत्र भरपूर असतो आणि क्षारही. उघड्या रानात एक पावसाळा ते धुऊन नेतो. तुमच्या छपरावर पडलेला पाऊस पन्हळीतून शेततळ्यात जातो, बेडावर येत नाही. आत गेलेला क्षार आतच राहतो, ही गोष्ट पुढेही अनेकदा आडवी येणार आहे. साखर कारखान्याची मळी वापरायची असेल तर तिलाही हाच नियम: वर्षभर कुजलेली, थंड आणि वास नसलेली.

तूस

मावळ, भोर, इगतपुरी या पट्ट्यात भातगिरण्यांच्या मागे तुसाचे ढीग असतात. एकेकाळी गिरणीवाला ते घेऊन जा म्हणून विनवायचा. आता वीटभट्टीवाले, बॉयलरवाले आणि पॉलिहाउसवाले तिघे एकाच ढिगाकडे बघतात, त्यामुळे विनवण्या तुम्हाला कराव्या लागतात. तुसात सिलिका भरपूर असते, म्हणून तो सहजी कुजत नाही. आपल्याला नेमकं हेच हवं. शेणखत पोकळी करतं आणि वर्षभरात स्वतःच संपतं. तूस दोन-तीन हंगाम कणांच्या मधे तंगड्या पसरून बसतो. लाकडाचा भुसा मिळतो म्हणून तो वापरू नका, कुजताना तो नत्र ओढतो. तुसाबरोबर न सडलेलं थोडं भातही येतं. पहिल्या पाण्यानंतर तुमच्या ढोबळीच्या बेडावर इंद्रायणीची कोवळी रोपं उगवली तर ते पीक म्हणून जाहीर करू नका, उपटून टाका.

प्रमाण, आणि ते गुपित नाही

लाल माती ७० टक्के, शेणखत २० टक्के, तूस १० टक्के, सगळं घनफळाने. संपलं.

हे इतक्या थोडक्यात सांगितलं तर सल्लागाराची फी निघत नाही, म्हणून प्रत्येक सल्लागाराचं स्वतःचं मिश्रण असतं. त्यात एखादा ‘खास घटक’ असतो आणि तो फक्त त्याच्याकडेच मिळतो. हा रोग जुना आहे. इंग्लंडमधले माळीही शंभर वर्षांपूर्वी प्रत्येक फुलासाठी वेगळी माती बनवत आणि रीत मरेपर्यंत कुणाला सांगत नसत. १९३० च्या दशकात जॉन इन्स संस्थेतल्या विल्यम लॉरेन्स आणि जॉन नेवेल यांनी प्रयोग करून दाखवलं की सात भाग माती, तीन भाग पीट आणि दोन भाग वाळू या एकाच मिश्रणात, खताचं प्रमाण थोडं कमीजास्त करून, बहुतेक सगळी झाडं वाढतात. माती तेवढी वाफेने निर्जंतुक करून घ्यायची. त्यांनी सूत्र उघड केलं आणि गुपितांचा धंदा बसला. आपल्याकडे तो अजून उभा आहे. पीट आपल्याकडे नाही, तूस आहे. विचार मात्र तोच.

मातीच नको, सरळ कोकोपीट घेऊ, असंही कुणी सुचवेल. कोकोपीटची ५ किलोची वीट भिजून साधारण ७० लिटर होते. तुमचे बेड भरायला अशा साडेतीन हजारांच्या आसपास विटा लागतील. सुचवणाऱ्याला हा आकडा सांगा आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघा. कोकोपीट पिशव्यांत चांगलं. ती वेगळी शेती आहे आणि तिची मार्गदर्शिकाही वेगळी.

आता आपला हिशेब. दहा गुंठ्यांचं पॉलिहाउस २८ मीटर बाय ३६ मीटर धरू, म्हणजे १००८ चौरस मीटर. बेड पायथ्याला १ मीटर रुंद, माथ्याला ९० सेंटिमीटर, उंची ४० सेंटिमीटर, दोन बेडांमधे ५० सेंटिमीटरची वाट. मधला रस्ता सोडून २६ मीटर लांबीचे २४ बेड बसतात. एका बेडात ९.९ घनमीटर मिश्रण, सगळ्यांत मिळून २३७. ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच २.८३ घनमीटर, तेव्हा ८४ ब्रास: माती ५९, शेणखत १७, तूस ८.

एवढं मागवलंत तर बेड अर्धवट राहतील. एक ब्रास तूस आणि एक ब्रास माती मिसळली की दोन ब्रास होत नाहीत, कारण मातीचे बारीक कण तुसाच्या पोकळ्यांत शिरतात. शिवाय पहिल्या दोन-तीन पाण्यांनंतर बेड बोट-दोन बोटं खाली बसतो. एकूण शंभर ब्रास धरून चाला. शेवटचे दोन डंपर ‘भरपूर झाली’ म्हणून रद्द करणारा माणूस पुढच्या महिन्यात तीच माती चढ्या भावाने मागवताना दिसतो.

तळ: खडीविषयी

मिश्रण पसरायच्या आधी तळाचं बघा. इथे शेजारी, मिस्त्री आणि गावचे सरपंच यांचं एकमत असतं, जे इतर कुठल्याही विषयावर होत नाही: “खाली खडीचा थर द्या, निचरा होतो.”

होत नाही. बारीक पोकळीतलं पाणी मोठ्या पोकळीत आपणहून उतरत नाही. ते बारीक पोकळीला चिकटून बसतं. वरची माती पुरती भिजून चिंब झाली, की मगच त्याचा नाइलाज होतो आणि ते खडीत पडतं. खडीच्या थरामुळे बेडाच्या तळाशी कायमची ओल धरून ठेवणारा पट्टा तयार होतो आणि तुमच्या ४० सेंटिमीटरच्या बेडात मुळांना निम्मीच जागा उरते. कुंड्यांच्या तळाशी खापऱ्या घालणाऱ्या तमाम मावश्यांनाही हे लागू आहे, पण त्यांच्याशी वाद घालू नका.

करायचं ते एवढंच. खालची काळी जमीन वाळलेली असताना खोल नांगरून फोडा, तिला गटाराकडे हलका उतार द्या, लाल मातीचा पहिला हप्ता तिच्यात थोडा मिसळून घ्या म्हणजे दोन मातींच्या मधे पाणी अडेल अशी सीमा राहणार नाही, आणि कडेने चर काढा. पावसाळ्यात त्या चरात पाणी वाहताना दिसलं पाहिजे. साचलेलं दिसलं तर चर अजून झालेला नाही.

मिसळणं

मिसळण्याचं काम गुत्त्याने दिलं तर दोन दिवसांत होतं आणि मिसळलेलं नसतं. रोजाने दिलं तर मिसळलेलं असतं, पण पुढच्या महिन्यापर्यंत चालतं. मधला मार्ग असा, की माती, शेणखत आणि तूस यांचे थर एकावर एक पसरून फावड्याने एकदा उभे कापत जायचे. घमेल्यांनी वाहताना ते आपोआप आणखी मिसळतात.

रोटाव्हेटर नको. तो सगळं छान, एकसारखं आणि मैद्यासारखं करून देतो. फोटोला ते फार सुंदर दिसतं. पण मातीचे बारीक गोळे, ज्यांच्या मधे मोठ्या पोकळ्या होत्या, ते दळले जातात आणि पहिल्या पाण्याला वर पापडी धरते. शंभर ब्रास रिकामी जागा एका दुपारीत दळून टाकण्याची सोय कुणी भाड्याने देत असेल तर त्याचा नंबर घेऊ नका.

मिसळायचं ते वाफशावर. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. गोळा पडून फुटला तर वाफसा आहे. पडूनही गोळाच राहिला तर उद्या या. गोळाच झाला नाही तर पाणी शिंपडा. गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्या शेतकऱ्याला हे पाय ठेवताच कळतं. तुमच्यापाशी तो पाय अजून तयार झालेला नाही, म्हणून मूठ.

बेडाला दोरी आणि फक्की लावून सरळ रेषा घ्या. माथा सपाट ठेवा, घुमटासारखा केला तर ठिबकचं पाणी कडेने ओघळतं. आणि यापुढे बेडावर कुणाचाही पाय पडता कामा नये. रुंदी ९० सेंटिमीटर ठेवली ती दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोहोचावा म्हणून. पूजा घालायची असेल तर बेड भरण्याच्या आधी घाला. नंतर घातलीत तर फोटोसाठी अख्खं कुटुंब दोन बेडांवर उभं राहतं, मागच्या रांगेतले तिसऱ्यावर, आणि मामा फोटो काढताना मागे सरकत सरकत चौथ्यावर.

निर्जंतुकीकरण

येथवर आलेल्या नवशिक्याला आता जंतूंची भीती घातली जाते. ती निराधार नाही. मर रोगाच्या बुरशा, सूत्रकृमी आणि तणांचं बी हे सगळं डंपरबरोबर आलेलं असू शकतं.

जुनी रीत फॉर्मेलिनची. बेड ओले करायचे, दहापट पाण्यात मिसळलेलं फॉर्मेलिन ओतायचं, कागदाने झाकायचं, पॉलिहाउस आठवडाभर बंद ठेवायचं, मग उघडून हवा खेळू द्यायची आणि बेड धुवायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. तरीही हे काम अनेक ठिकाणी तोंडाला रुमाल बांधून केलं जातं. रुमालाने डोळे झाकत नाहीत आणि वाफही अडत नाही. माझं मत विचाराल तर भाजीपाल्याला ही रीत नको. ज्याला करायचीच आहे त्याने योग्य मास्क, चष्मा, हातमोजे आणावेत आणि मजुराच्या हातात डबा देऊन स्वतः बांधावर उभं राहू नये. शिवाय धुवायला चौरस मीटरला १०० लिटर पाणी सांगतात. तुमच्या बेडांचं क्षेत्र सहाशे चौरस मीटरच्या वर आहे, म्हणजे साठ हजार लिटर. तेवढं पाणी मे महिन्यात शेततळ्यात आहे का, हे ओतण्याआधी बघा, नंतर नको.

दुसरी रीत उन्हाची आणि तिचा खर्च फक्त कागदाचा. इस्राएलमध्ये याकोव्ह कातान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ती शास्त्रीय पद्धतीने मांडली. ओल्या मातीवर पारदर्शक पातळ कागद अंथरायचा, कडा मातीत गाडायच्या आणि चार ते सहा आठवडे ऊन खाऊ द्यायचं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे उन्हाची टंचाई नसते. पॉलिहाउसचे पडदेही बंद ठेवले तर आत उभं राहवत नाही एवढं तापतं. वरच्या थरातल्या बहुतेक बुरशा आणि तणांचं बी यात मरतं. खोलवरच्या सूत्रकृमी वाचू शकतात, हे लक्षात ठेवा. कागद पारदर्शकच हवा. घरात मल्चिंगचा काळा कागद उरलेला आहे म्हणून तोच अंथरणारे पुष्कळ आहेत. काळा कागद ऊन स्वतः पितो आणि स्वतःच तापतो, खाली फार थोडं पोहोचवतो. आणि माती ओली हवी. कोरड्या मातीतली बुरशी झोपून राहते आणि झोपलेल्याला ऊन फारसं बाधत नाही.

यानंतर क्रमाचा प्रश्न येतो आणि तिथे हमखास गोंधळ होतो. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी आहे. ती, निंबोळी पेंड आणि सूत्रकृमींवरची पॅसिलोमायसिस बुरशी निर्जंतुकीकरण झाल्यावर द्यायची असते. दुकानातून सगळ्या बाटल्या एकाच दिवशी आणल्यामुळे त्या एकाच दिवशी ओतल्या जातात. सोमवारी मित्रबुरशी सोडायची आणि बुधवारी तिच्यावर फॉर्मेलिन ओतायचं, याने दोन्ही कंपन्यांचा माल खपतो, एवढाच फायदा.

धुणं आणि चाचणी

ठिबक अंथरा आणि भरपूर पाणी सोडा. बेडाच्या खालून चरात येणारं पाणी बाटलीत धरा आणि त्याची ईसी मोजा. मीटर फार महाग नसतो, तुम्ही आणलेल्या ‘खास घटका’पेक्षा तर नाहीच. सुरुवातीला आकडा जास्त येईल, शेणखताचे क्षार उतरत असतात. तो खाली येईपर्यंत धुवा. पुढे १९:१९:१९ आणि कॅल्शियम नायट्रेट सुरू झालं की क्षार पुन्हा चढत जातील, बेडावर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसेल आणि तुम्ही बुरशीनाशक आणायला निघाल. निघू नका. ते मीठ आहे. साध्या पाण्याने धुवा. विहिरीचं पाणी मुळातच खारट असेल तर छपरावरचं पावसाचं पाणी साठवलंत ते यासाठीच होतं.

फॉर्मेलिन वापरलं असेल तर बेडाच्या तीन-चार ठिकाणी चिमूटभर मेथी टाका. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत हिरवीगार उगवली तर वाफ गेली असं समजा. उगवलीच नाही किंवा उगवून करपली तर आणखी धुवा आणि पुन्हा पेरा. ती मेथी खुडून घरी नेऊ नका, सासूबाईंनी कितीही कौतुक केलं तरी.

एवढं झाल्यावर माती पुन्हा एकदा तपासून घ्या, ट्रायकोडर्मा शेणखतात मिसळून द्या आणि बेड आठवडाभर वाफशावर राहू द्या. मग रोपवाटिकेला फोन लावा. ढोबळीचं रोप ट्रेमध्ये लावणीजोगं व्हायला पाच-सहा आठवडे लागतात आणि चांगल्या रोपवाटिका आधी नोंदणी मागतात. ती तुम्ही डंपरच्या दिवशीच करायला हवी होती. केली नसेल तर आता करा, लाल की पिवळी ते आजच ठरवा, आणि तोवर दाराला कुलूप लावून किल्ली स्वतःकडे ठेवा, कारण मामा पुढच्या रविवारी पाहुणे घेऊन येतो म्हणाले आहेत.